आईचं जॅकेट

इरावतीबाई मायाळू होती, पण भारी घायकुतीची. कुणाचं काही अडलं की विचारायचं नाही, थेट हात घालायचा. बहारीनच्या गुदैबिया भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये मीयो एका खोलीत भाड्यानं राहायची. थायलंडच्या डोंगरातली आखा जमातीची पोर, खालच्या सलूनमध्ये कामाला.

मीयोच्या आईनं स्वतःच्या मरणासाठी जॅकेट शिवून ठेवलं होतं. त्यांच्याकडे बाईला शेवटी तिच्या उत्तमातल्या उत्तम भरतकामात निजवतात. निळीत बुडवलेलं जाड कापड, पाठीवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या धाग्यांच्या बारीक ओळी. मीयो बहारीनला निघाली तेव्हा आईनं तेच तिच्या पिशवीत कोंबलं. "हे ने. म्हणजे मला पोचवायला तरी येशील."

इरावतीला हे सगळं ठाऊक होतं, आणि म्हणूनच घात झाला.

आई गेल्याचा फोन सकाळी आला. संध्याकाळचं विमान होतं. मीयो सुट्टी मागायला खाली पळाली आणि इरावतीनं जॅकेट हातात घेतलं. त्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. आपल्याकडे मयताच्या अंगावर कोरं नाहीतर धूतवस्त्र घालतात. असलं मळकं कसं घालायचं? पोरीला तेवढाच आधार, म्हणून तिनं गरम पाणी लावून मशीन सुरू केलं.

अगं बाई गं! बाहेर आला तो नुसता निळा बोळा. पांढरा धागा निळा झालेला, लाल फुटून पिवळ्यात उतरलेला.

मीयो वर आली. जॅकेटच्या ओल्या पाठीवरून बोटं फिरवत मोडक्या हिंदीत म्हणाली, "आई सांगायची, पूर्वज पाठीवरचं भरतकाम बघून ओळखतात. आता तिला कोण ओळखणार?"

"मला मार गं, शिव्या दे," इरावती ढसाढसा रडायला लागली. मीयोनं जॅकेट पिळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि ती विमानतळावर गेली.

आठवड्यानं तिचा फोन आला. "मावशीनं तिचं स्वतःचं जॅकेट दिलं. आई त्यात गेली."

"देव पावला! मग कधी येतेस?"

"नाही येत. मावशी थकलीय. तिच्यासाठी आता काहीच उरलं नाही. मी नवं भरायला बसलेय."

"अगं, पण नोकरी जाईल, व्हिसा जाईल! एकटीनं कधी पुरं होणार ते? मलाही भरतकाम येतं. अर्धं इकडे पाठव, मी—"

"नको ताई," मीयो म्हणाली. "तुम्ही हात नका लावू."