माझे खरे वय

मित्रांनो, वय कमी सांगितले की बहुतेकांना गुदगुल्या होतात. मला मात्र कोणी तरुण म्हटले की माझा पारा चढतो. मी विजेचा एक जुना जनरेटर आहे आणि हा 'जुना' शब्द मी कष्टाने कमावला आहे. लोखंडी चौकटीत बसवलेले छोटे इंजिन, वर पेट्रोलची टाकी आणि उचलायला दोन दांडे, एवढाच माझा पसारा. दोघांनी धरले की निघालो कुठेही. वीज गेली की माझी आठवण व्हायची, वीज आली की सगळे मला विसरायचे. पण मधल्या वेळात माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे, हे मी छाती फुगवून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतून माझे अंग घडवले. साच्यात महिन्याचे आणि वर्षाचे आकडे कोरलेले होते, ते माझ्या तळावर उमटले. तीच माझी जन्मखूण. पण तळाकडे कोण वाकून बघतो? माणसे वरून बघतात, आणि वर, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यावरच्या पत्र्याच्या झाकणावर माझा नंबर ठोकलेला होता.

मला एका मिस्त्रींनी विकत घेतले. पंप आणि इंजिने दुरुस्त करण्याचे त्यांचे दुकान रस्त्याच्या वळणावर होते. पुढे दुकान, मागे घर. त्यांची शिस्त कडक होती. यंत्र दुरुस्तीला आले की आधी नंबर वाचायचा, मगच हात लावायचा. नंबरावरून साल कळते आणि सालावरून आतले भाग कोणते असतील ते कळते. "माणूस थाप मारेल, नंबर मारणार नाही," असे ते येता-जाता बजावत. त्यांची मुले तर हे ऐकतच लहानाची मोठी झाली.

थोरली मुलगी जन्मली तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. दिवेलागण झाली होती, वीज सकाळपासून गायब होती आणि मागच्या खोलीतून नर्सबाई "अहो, उजेड करा आधी!" म्हणून ओरडत होत्या. मिस्त्रींनी दोरी ओढून मला सुरू केले, खिडकीतून वायर आत टाकली आणि बल्ब लागला. त्या उजेडात थोरलीने पहिला टाहो फोडला. आवाज माझा मोठा की तिचा, ते काही ठरले नाही. पुढे मी सभा उजळल्या, दवाखान्यातला फ्रिज चालवला, पाण्यात बुडालेली तळघरे उपसायला पंपाला वीज दिली. पण त्या एका बल्बाइतके मोठे काम मी पुन्हा केले, असे मला वाटत नाही.

थोरली शाळेत तिसरी-चौथीत होती त्या सुमारास मिस्त्रींच्या भावाने मला हातगाडीवरून पाडले. झाकण चेपून पंख्याला घासू लागले. मिस्त्रींनी भंगारातून माझ्याच कंपनीच्या एका जळलेल्या इंजिनाचे झाकण आणले. ते इंजिन माझ्याहून वयाने बरेच लहान होते. झाकण मापात बसले, चार बोल्ट आवळले आणि सगळ्या अंगावर काळा रंग मारला. तेव्हापासून मी दुसऱ्याची टोपी घालून फिरतो आहे.

मग घरोघरी इन्व्हर्टर आले आणि माझी रवानगी दुकान आणि घर यांच्यामधल्या बोळात झाली. अंगावर पोती पडली. उंदरांनी माझ्यात बिऱ्हाड थाटले. भाडे मागायचीही सोय नव्हती.

मिस्त्रीही थकले. दुकान आता थोरली चालवत होती, धाकटा मुलगा ऑफिसात जात होता. मिस्त्री रोज दुकानात बसत, पण अधूनमधून विसरत. एकदा कॉम्प्रेसर चालूच राहिला. एकदा एकाचा पंप दुसऱ्याच्याच घरी पोहोचला. घरात कुजबुज सुरू झाली. बोळात पडल्या पडल्या मला सगळे ऐकू येई.

एका सुट्टीच्या दिवशी सगळे जेवून बसले होते. मिस्त्री थोरलीला म्हणाले, "तू झालीस ना, तेव्हा बोळातल्या इंजिनावरच बल्ब लावला होता."

धाकटा उठून बोळात आला. त्याने पोते बाजूला केले, झाकण पुसून नंबर वाचला आणि मोबाइलवर साल शोधले. "बाबा, हे इंजिन कंपनीतून निघालं तेव्हा ताई शाळेत जात होती."

"नाही रे. हेच होतं."

"नंबर समोर आहे बाबा. तुम्हीच सांगता ना, नंबर थाप मारत नाही म्हणून?"

मिस्त्री काहीतरी बोलणार होते, पण गप्प झाले. मला ओरडून सांगायचे होते, पण टाकी कोरडी ठणठणीत होती. इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

धाकट्याच्या मनात काही वाईट नव्हते. नंतर तो हळूच म्हणाला, "ताई, आता त्यांना मशीनजवळ बसू देऊ नकोस. उद्या बोटं गेली म्हणजे?"

"दुकान सुटलं तर ते खचतील रे," आई म्हणाली.

पण कोणी अडवायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी आपणहून दुकानात जाणे सोडले. खाटेवर बसून ते स्वतःच्या हातांकडे बघत राहत. थोरलीने काही विचारले तर म्हणत, "तुझं तू बघ. माझं काही खरं नाही आता." दुकान गेल्याचे दुःख होतेच, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता, ते मला बघवत नव्हते.

शेवटी थोरलीने मला बोळातून ओढून टेबलावर चढवले. "हे सुरू झालं तर आवाज ऐकून तरी बाहेर येतील," ती आईला म्हणाली. तिने माझ्या पोटात तेल सोडून अडकलेला पिस्टन मोकळा केला. कार्बोरेटरमध्ये साकळलेले पेट्रोल खरवडले, तारेने त्याचे छिद्र साफ केले. मग झाकण काढून उंदरांचे बिऱ्हाड बाहेर फेकले आणि ती थबकली.

झाकणाचा रंग एका जागी खरवडला गेला होता आणि खाली लाल दिसत होता. माझ्या अंगावर मात्र काळ्याखाली राखाडी रंग होता. आत ठिणगी पाडणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट्स होते. झाकणाच्या सालातल्या इंजिनांत ते नसतातच. तिने मला आडवे केले, तळाची वंगणाची साय पुसली आणि माझी जन्मखूण वाचली. तिच्या जन्माच्या आदल्या वर्षाची! इतक्या वर्षांनी कोणीतरी माझे खरे वय वाचले. नुसत्या आनंदानेच मी सुरू होतो की काय, असे मला वाटले.

ती तेलकट हातांनीच घरात धावली. "बाबा, त्या इंजिनाचं झाकण मूळचं आहे का?"

मिस्त्रींनी मान वर केली. मग म्हणाले, "नाही. मूळचं तुझ्या काकानं हातगाडीवरून पाडून चेपवलं. हे भंगारातलं. लाल होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"नंबर ऐकला आणि घाबरलो गं. वाटलं, माझंच डोकं गेलं. आणि नंतर कोणी विचारलंही नाही."

थोरली त्यांच्या शेजारी बसली आणि रडली. मग हाताला धरून तिने त्यांना दुकानात आणले. तिने दोरी ओढली. मी आधी खोकलो, धूर सोडला, रुसलो. मग लागलो गर्जायला! मिस्त्रींनी मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, "हवा जास्त घेतंय. स्क्रू जरासा आत घे." तिने घेतला आणि माझा सूर जुळला.

संध्याकाळी धाकटा आला. थोरलीने मला बंद करून त्याला माझा तळ दाखवला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. दुकानातले स्विच रोज थोरलीच बंद करणार आणि मिस्त्री रोज दुकानात बसणार, हे तिथेच ठरले. मग धाकट्याने स्टूल ओढले. "बाबा, ताई झाली त्या दिवसाचं सांगा ना."

मिस्त्री सांगू लागले. मध्येच नर्सबाईंचे नाव त्यांना आठवेना. धाकटा मध्ये बोलला नाही. त्याने मोबाइललाही हात लावला नाही. तो नुसता थांबला.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. आम्हा यंत्रांना वापर झाल्यावर पुसून ठेवा, टाकीत पेट्रोल साकळू देऊ नका, आणि भंगारात घालण्याआधी एकदा उलटे करून बघा. आणि घरातले म्हातारे माणूस बोलता बोलता अडले, तर घाई करू नका. आम्हाला सुरू व्हायला वेळ लागतो, हो. पण एकदा लागलो, की ऐकत राहा.