दोन सारख्या गालांची पोरगी

मित्रांनो, शिवाजी पेठेतल्या गुंडूच्या फोटो स्टुडिओत पडद्याशेजारी लटकतो, तो जुना आरसा मीच. दोरीनं बांधलेला कंगवा अजून माझ्या खिळ्याला आहे. सागवानी चौकटीत बसवून मला इथं आणलं, तेव्हा फुटबॉलच्या पोरांपासून नव्या नवरीपर्यंत सगळे आधी माझ्यापुढं उभे राहायचे. आता मोबाइल आले. माझा पारा कडेनं उडालाय आणि धूळ पुसायलाही कुणाला सवड नाही.

पण चेहरे मी बघितलेत. दोन्ही बाजू सारख्या असलेला एकही नाही. कुणाची भुवई वर, कुणाचं नाक कललेलं. त्यात मी दाखवतो उलटं, आणि लोकांना त्याचीच सवय. म्हणून फोटो हातात पडला की जो तो म्हणतो, हा मी न्हायच.

परवा दीक्षा आली, आईबरोबर. स्थळाला फोटो पाठवायचा होता. लहानपणीच्या दुखण्यानं तिच्या तोंडाची उजवी बाजू हलत नाही. हसली की ओठ एकीकडंच चढतो. आईनं बजावलं होतं, तोंड मिटून बस. मिटलं तरी उजवा कोपरा ओघळलेलाच. मग गुंडूनं कॉम्प्युटरवर चेहरा मधोमध कापला आणि डावी बाजू उलटी करून उजवीकडं चिकटवली. डाव्या गालावरचा तीळ दोन्ही गालांवर उमटला. त्यातला एक त्यानं पुसला.

"वैनी, आता कसं मापात हाय."

स्थळाकडून सारखे फोन येत होते. फोटो मोबाइलवर घेऊन पाठवायला गुंडूचं बोट टेकणार, तोच दीक्षानं तो हिसकावला. आईला ओढत माझ्यापुढं आणलं, मोबाइल काचेला लावला आणि शेजारी हसली. वाकडी, मनापासून.

"आई, ह्या पोरीला तू कधी बघितलंस?"

"अगं, घरी आल्यावर बघतीलच की तुला."

"आणि उठून गेले तर? तवाबी तोंड मिटूनच बसू?"

आईनं पदरानं माझी तेवढीच काच पुसली. फोटोकडं बघितलं, मग माझ्यातल्या दीक्षाकडं.

"गुंडूभाऊ, ही आमची न्हाय. दुसरा काढा. हसताना."

गुंडू पुटपुटला, स्थळ जाईल.

"जाऊ दे."

दुसरा फोटो गेला. तिकडचे फोन थांबलेत. ती सरळ बाहुली त्यांनी पसंत केली असती, याचाच मला संताप येतो.

तुमच्या वर्गातही असं एखादं तोंड असेल. त्याला वाकडं म्हणण्याआधी माझ्यापुढं या. केस विंचरू नका. नुसते हसा आणि बघा, तुमचा कुठला ओठ आधी उठतो. आणि मित्रांनो, येताना एखादं फडकं आणा. पुसायचंच असेल तर माझी काच पुसा.