साखळीचं शेवटचं कडं

शरयू मूळची नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न झाल्यावर, आणि अमेरिकेत सनीव्हेलला आल्यापासून बाईसाहेबांना हौस काय, तर एका जुन्या शिडाच्या जहाजावर फुकट राबायची! नवरा सौमित्र कुरकुरायचा, "घरची भांडी कोण घासणार, यार?" ती हसून सोडून द्यायची.

तिच्याकडे जहाजाच्या नाकाची तपासणी होती. तिथून पुढे एक लांबलचक लाकडी सोट निघतो. पुढची शिडं त्याला वर खेचतात आणि खालून एक जाड साखळी त्याला ओढून धरते. साखळीचं शेवटचं कडं पाण्याच्या रेषेशी, जहाजालाच ठोकलेलं. ते तुटलं, तर सोट मोडून शिडं माणसांवर कोसळणार. ते तपासायचं तर छोटी होडी काढून गार पाण्यात हात घालावा लागतो. बुधवारी तिला ऑफिसच्या कॉलची घाई होती. तिने वरची कडी बघितली, खालचंही ठीकच असणार असं म्हणून तपासणीच्या वहीत सही ठोकली. आणि ही ऑफिसात टेस्टिंग टीमची लीड! टेस्ट न चालवता ‘पास’ लिहिणाऱ्यांना नुसती फाडून खायची.

शनिवारी सकाळी सहलीला आलेली शाळेची बावीस मुलं लाइफ जॅकेट चढवून धक्क्यावर उभी राहिली, तसं तिला ते न बघितलेलं कडं आठवलं. तिने सौमित्रला फोन लावला.

"आजवर काही झालंय का? गप्प बस," तो म्हणाला. "सांगितलंस तर काढून टाकतील तुला."

तेच तर भय होतं. दोन वर्षं घासून मिळवलेली जागा होती ती. तरीही ती कॅप्टन हेलनकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

हेलनने स्वतः होडीत उतरून सुरीने गंज खरवडला. कडं निम्मं झिजलेलं निघालं. सहल रद्द झाली.

मुलं हिरमुसली. पण त्यांच्या बाईंना कुणीतरी सांगितलं, की शरयूमुळे हे लक्षात आलं. बाई तिचे आभार मानू लागल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेलन बाजूला उभी राहून बघत होती. शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी काही पकडलं नाही," ती म्हणाली. "बुधवारी न बघताच सही केली होती मी."

टाळ्या थांबल्या. बाईंनी जवळच्या मुलीचा हात धरला आणि तिला शरयूपासून दोन पावलं मागे घेतलं.