भानुमूर्तींना वाक्य देताना

आमच्या तेलुगू सिनेमात सेटवरचा आवाज बहुतेकदा वापरतच नाहीत. सगळं नंतर डबिंगला. त्यामुळे भानुमूर्तींसारखे मोठे हीरो वाक्यं पाठ करत नाहीत. कॅमेऱ्याबाहेर उभं राहून कुणीतरी वाक्य मोठ्यानं वाचायचं, हीरोनं ते उचलून अभिनयासकट म्हणायचं. आयुष्यभर त्यांनी असंच काम केलं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी सिनेमात आले, तेव्हा त्यांना वाक्यं द्यायचं काम माझ्याकडे आलं.

राजमंड्रीला शूटिंग चालू असताना मला मध्येच ठसका लागला.

"थांबा सर, ठसका लागला," मी म्हणाले.

भानुमूर्ती हिरॉइनच्या डोळ्यांत बघत, भरल्या गळ्यानं म्हणाले, "थांबा सर, ठसका लागला."

सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले.

त्यांचा मेकअपमन सत्तिबाबू मला व्हॅनमागे घेऊन गेला. "तोंड उघडू नकोस, पोरी. काल मलाच विचारत होते, तू कोण म्हणून. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांना रंग लावतोय मी."

"मग घरच्यांना सांगा ना!"

"घरच्यांनाच सिनेमा हवाय."

दुपारी तांदळाच्या गिरणीच्या गच्चीवर शॉट होता. कठड्यावर उभं राहून खालच्या खलनायकाला आव्हान द्यायचं. कॅमेरा खाली, माणसांची ही गर्दी. कमरेला दोरी नव्हती. "भानुमूर्तीला दोरी? फॅन मला फाडून खातील," असं डायरेक्टर कोंडलराव म्हणाले होते. मी भानुमूर्तींच्या मागे, टाकीच्या आडोशाला.

वाक्य झालं. "कट! ओके!" खालून आवाज आला. भानुमूर्ती उतरलेच नाहीत. खाली लोक त्यांच्या नावानं ओरडत होते. त्यांनी हात जोडले आणि समोर पायरी असल्यासारखा एक पाय हवेत उचलला.

"सर, मागे या!" मी किंचाळले.

"सर, मागे या!" ते गरजले. खाली शिट्ट्या.

धावत जाऊन ओढावं, तर माझ्याच धक्क्यानं तोल जायचा. सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, पोचत होतं ते फक्त वाक्य. मी आवाज सावरला.

"मी पाठ फिरवतोय. हिंमत असेल तर वार कर!"

उचललेला पाय कठड्यावर परत टेकला. "मी पाठ फिरवतोय," ते म्हणाले, आणि वळले. "हिंमत असेल तर वार कर!"

"आता मी खाली उतरतोय."

ते गच्चीवर उतरले. मी त्यांचा हात धरला. भर उन्हात तो गार होता.

"बाबुगारू, झकास!" खालून भोंग्यावर कोंडलराव ओरडले. "हे कधी सुचलं? वन मोर, प्लीज!"

'वन मोर' ऐकताच भानुमूर्तींनी मुकाट्यानं पाय कठड्यावर ठेवला. जिन्याच्या तोंडाशी सत्तिबाबू माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होता. खरं सांगितलं असतं तरी माझ्यासारख्या असिस्टंटचं कोण ऐकणार होतं? मी त्यांच्या कानाशी गेले.

"पॅकअप."

"पॅकअप!"

तो आवाज गिरणीच्या पार पलीकडे गेला. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? खाली लाइटवाले केबल गुंडाळू लागले.

जिन्यापाशी ते थांबले. खाली बघितलं आणि माझी बोटं दुखेपर्यंत दाबली. सत्तिबाबूनं दुसरीकडून आधार दिला, तरी पाऊल उचलेना.

"मी पायरी उतरतोय," मी हळूच म्हणाले.

"मी पायरी उतरतोय," ते म्हणाले, आणि एक पायरी उतरले.