उजव्या कानातली टिकटिक

लहानपणी गालगुंड झाले, बरे झाले आणि जाताना उजवा कान घेऊन गेले. ऑपरेटरबाईंनी ही गोष्ट घराबाहेर कुणाला कळू दिली नव्हती. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर हेडफोन एकाच कानाला लावायचा असतो. त्या डाव्या कानाला लावत. बाकी ठिकाणी त्या उजव्या हाताच्या टोकाची खुर्ची पकडत, म्हणजे सगळी माणसं आपोआप डावीकडे यायची.

आता हॉस्पिटलमध्ये फोन आपणच उचलणारं यंत्र येणार होतं आणि बोर्ड बंद होणार होता. बाईंनी संध्याकाळच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वर्गात नाव घातलं ते त्याआधीच, हौस म्हणून. पण मास्तरांनी एक बातमी सांगितली आणि हौशीला धार आली. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका मंडळीला कायमचा ध्वनिसंयोजक हवा होता. त्यांच्या दिग्दर्शिका शनिवारी वर्गात येऊन सगळ्यांनी रचलेले संगीताचे तुकडे ऐकणार होत्या. सगळ्यांना प्रसंग एकच दिला होता : म्हातारा बाहुला बाकावर बसून मुलीची वाट बघतो.

“कानाचं सांगून टाकू का आधीच?” बाईंनी घरी विचारलं.

“सांग की. आणि लंगड्यालाही पळायच्या शर्यतीला पाठव,” थोरली बहीण म्हणाली. “अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस.”

बाई गप्प बसल्या.

वर्ग एका दातांच्या दवाखान्याच्या वर भरे. स्पीकर लावायचे नाहीत, ही घरमालकाची अट. त्यामुळे सगळं काम हेडफोनवर. ठेका सुटू नये म्हणून कॉम्प्युटर सतत टिकटिक करत राहतो. मास्तरांनी ती सगळ्यांच्या मशीनवर फक्त उजव्या कानात सोडलेली होती, स्वतःचं वाजवणं दोन्ही कानांत येई, म्हणजे डाव्या कानात ते टिकटिकीशिवाय ऐकता येई. बाईंना अर्थातच टिकटिक कधी ऐकूच आली नाही. पडद्यावर सरकणारी उभी रेघ बघून त्या कीबोर्डच्या पट्ट्या दाबत.

“बाई, संगीत वाचताय की ऐकताय?” मास्तर विचारत. बाई हसून मान डोलावत.

काम पुरं झालं की पक्की फाइल काढण्याआधी टिकटिक बंद करायची असते. हे कुणाला शिकवावं लागत नाही, कारण ती डोकं उठवते. बाईंचं डोकं शांत होतं. त्यांनी तशीच फाइल काढली.

शनिवारी दिग्दर्शिका आल्या. सगळ्यांचे हेडफोन एकाच डब्याला जोडले होते, एकाचा तुकडा सगळे एकदम ऐकत. वर्गातल्या प्लंबरच्या तुकड्यात इतके ढोल होते की दिग्दर्शिका म्हणाल्या, “म्हातारा वाट बघतोय हो, लढाईला नाही निघालेला.” प्लंबरच सगळ्यात मोठ्याने हसला.

मग बाईंचा तुकडा लागला. एक लांबलेला, पेटीसारखा सूर आणि त्याखाली पाणी हलल्यासारखा आवाज. मास्तरांनी मध्येच चमकून बाईंकडे पाहिलं. तुकडा संपला.

“ती टिकटिक,” दिग्दर्शिका म्हणाल्या, “एकाच बाजूने येणारी. शेजारच्या खोलीत घड्याळ असावं तशी. कुठून सुचली हो?”

“ग्रेट आहे,” प्लंबर म्हणाला.

सगळ्यांना आवडलेली ती वस्तू त्यांच्या तुकड्यात होती आणि त्यांना ती माहीत नव्हती. “सुचली आपली,” त्या म्हणाल्या.

“छान. फक्त ती मध्येच जरा उतावीळ वाटते. आत्ता माझ्यासमोर कमी-जास्त करून दाखवाल?”

मास्तर घसा खाकरून म्हणाले, “हवं तर मी करतो.” त्यांना निम्मंअर्धं कळलं होतं, हे बाईंना कळलं. हो म्हटलं असतं तर काम मिळत होतं. आणि मग बाहुल्यांच्या मंडळींत दर खेळाला कुणी तरी मास्तर शोधावा लागला असता.

“मला टिकटिक ऐकू आली नाही,” बाई म्हणाल्या. “उजवा कान गेलेला आहे, लहानपणापासून. ती चुकून राहिलीय.”



“मग कमी-जास्त कशी करणार?” दिग्दर्शिका म्हणाल्या. हा आवाज मघासारखा कौतुकाचा नव्हता.

बाईंनी हेडफोन काढला, उलटा फिरवून घातला आणि तुकडा पुन्हा लावला. डाव्या कानात पहिल्यांदाच उजवी बाजू वाजली. त्यांनी तो पूर्ण ऐकला, घाई न करता. सूर बऱ्याच ठिकाणी ठेक्याच्या मागे रेंगाळत होता. चूकच होती. पण म्हातारा असाच रेंगाळला असता.

“उतावीळ टिकटिक नाही,” त्या म्हणाल्या. “ती एकसारखीच आहे. माझा सूर मागे पडतोय, म्हणून ती पुढे पळाल्यासारखी वाटते. सूर असाच ठेवते. टिकटिक मात्र मध्येच तोडते.”

“तोडता? मला तर तीच आवडली!”

“सारखी वाजली तर लोक विसरतील. थांबली की कान टवकारतील.” त्यांनी पडद्यावर टिकटिकीची पट्टी मधोमध कापली, पुढचा भाग पुसला आणि पुन्हा लावलं.

दिग्दर्शिकांनी डोळे मिटून ऐकलं. टिकटिक थांबली तिथे त्यांनी डोळे उघडले.

“आमच्या थिएटरात स्पीकर दोन्ही बाजूंना असतात,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक तालमीला तुमच्या उजवीकडे आमचा एक माणूस बसेल. त्याला जे खटकेल ते तो सांगेल आणि तुम्ही ऐकून घ्यायचं. चालेल?”

बाईंना ते अजिबात आवडलं नाही. आयुष्यभर ती बाजू त्यांनी रिकामी ठेवली होती.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “पण त्याला सांगा, बोलायचं असेल तर उठून डावीकडे यायचं.”