दोन दाबांचा ब्रेक

मी एक जुना ट्रक आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला, गुरुशांत या माझ्या मालकाच्या घरापुढं उभा असतो. मित्रांनो, आधीच सांगतो, मी फार संशयी आहे. कारखान्यातून नवा कोरा बाहेर पडलो तेव्हा तसा नव्हतो. वीस वर्षं मंगळवेढ्याची ज्वारी वाहिली, चिंचोळी एमआयडीसीतली खोकी वाहिली. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडायची, चारचौघांत कौतुक व्हायचं. पुढं पुढं माळ पडायची, पण खाली वाकून कुणी बघायचं नाही.

गेल्या महिन्यात एका फिटरनं मागच्या चाकातला ब्रेकचा भाग बदलला आणि घाईत नळीत हवा राहू दिली. तेव्हापासून पेडल भसकन खाली जायचं. दोनदा दाबलं की ब्रेक लागायचा. गुरुशांतना त्याचीच सवय झाली. मला मात्र तेव्हापासून कुणाच्याच हातातला पाना बघवत नाही.

सगळ्यात जास्त संशय होता तो त्यांच्या बायकोचा, महानंदाबाईंचा. त्या रोज माझ्याभोवती फेरी मारून टायर बघायच्या, पेडल बघायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. ही बाई मला भंगारात घालणार, अशी माझी खात्रीच होती.

त्यांची लेक चंद्रिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सोमवारी मंगळवेढ्याला पोती उतरवून येताना तिथल्या सासरहून तिला माझ्याच केबिनमधून आणायचं ठरलं.

"दोनदा मारला की लागतोय की," गुरुशांत म्हणाले.

"आन् दुसऱ्यांदा मारायला येळच न्हाय गावला तर? पोटुशी लेक बसनार हाय आत. आदी ब्रेक नीट करा, मंग तिला आना," बाईंनी ठणकावलं.

रविवारी सकाळी दोघं कामाला लागले. बाई केबिनमध्ये, गुरुशांत माझ्याखाली आडवे. "दाब... धरून ठेव... सोड आता!" बाईंनी पेडल दाबून धरलं की ते चाकामागचा बारका नट सैल करायचे. नळीतून तेल आणि बुडबुडे बाहेर यायचे. नट आवळल्यावरच बाईंनी पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत. ही मुद्दाम आधी उचलणार, असं मला दर वेळी वाटलं. त्यांनी एकदाही आधी उचलला नाही.

वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालं. गुरुशांत लगबगीनं घरात गेले आणि फडताळातली बाटली घेऊन आले. ऑइलचा डबा गळत होता म्हणून त्यांनी उरलेलं ऑइल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं. घाण्यावरचं करडईचं तेलही आमच्याकडं तसल्याच बाटलीतून येतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांनी झाकण काढलं आणि मी हादरलो. खायचं तेल आत गेलं तर रबरं फुगतात आणि ब्रेक भर रस्त्यात दगा देतो. पण मला तोंड नाही. हॉर्न आहे, तर तो दाबायलाही माणूस लागतो.

"थांबा! वास घिऊ द्या मला."

महानंदाबाई केबिनमधून उतरल्या. त्यांनी बाटली हुंगली, एक थेंब बोटावर चोळला.

"अवो, ह्ये करडईचं तेल हाय! मंग ब्रेकचं कुटं हाय?"

दोघंही स्वयंपाकघराकडं धावले. खिडकीतून मला दिसलं, ब्रेक ऑइलची बाटली शेगडीजवळ होती, शेजारी चिरलेला कांदा. ते ऑइल पोटात गेलं तर विषच.

"म्याच काढून ठिवली होती फोडनीला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती बाटली शेगडीपासून लांब सरकवली. बाटलीतल्या ऑइलवर गुरुशांतचा आता भरवसा राहिला नव्हता. ते ऑइल त्यांनी बाजूला टाकलं, दुकानातून नवा बंद डबा आणला आणि सगळ्या चाकांचं काम पहिल्यापासून केलं.

सोमवारी मंगळवेढ्यात चंद्रिका चढायला निघाली, तर सोबत आलेल्या महानंदाबाईंनी तिला हातानं अडवलं. आधी त्या स्वतः चढल्या आणि पेडल एकदाच दाबलं. ते टणक लागलं. मग म्हणाल्या, "ये आता, सावकाश."

मित्रांनो, जुनी गाडी चालते म्हणून ती बरी आहे असं समजू नका, आणि सारखं तपासून बघणाऱ्या माणसाला किरकिरं म्हणू नका. मी ज्या बाईवर इतका संशय घेतला, तिची माफी मला मागता येत नाही. मला थांबता येतं, तेवढं मी परतीच्या वाटेवर दर वेळी पहिल्याच दाबात थांबून दाखवलं.