पावट्यांची बेचाळीस घरं

मिस्टर पीस्कॉड यांचं आडनाव जगात फार थोड्या लोकांच्या वाट्याला आलं आहे, हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस मस्कतच्या घाला भागातल्या त्या कंत्राटदार कंपनीत दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. नव्या माणसाच्या हातात ओळखपत्र पडायच्या आधी त्याच्या कानावर ही माहिती पडे. पीस म्हणजे मटार. कॉड म्हणजे जुन्या इंग्रजीत शेंग. थोडक्यात, जनरल मॅनेजरसाहेब म्हणजे मटाराची शेंग. त्यांचा कोणी पूर्वज मटार पिकवायचा, की बाजारात विकायचा, की नुसताच तसा हिरवट दिसायचा, याबद्दल जाणकारांत मतभेद होते आणि साहेब तेही सविस्तर सांगत. कॉड नावाच्या माशाशी या आडनावाचा काडीचा संबंध नव्हता. एका स्टोअरकीपरने तो हसत हसत जोडला आणि पुढचे सहा महिने तो दूर वाळवंटातल्या दुक्मच्या साइटवर उन्हात सिमेंटच्या गोण्या मोजत होता.

आता असे लोक जगात किती? हा आकडा मात्र हलता होता. धनंजय नोकरीला लागला तेव्हा तीनशे पीस्कॉड होते. दोन-तीन वर्षांनी दोनशे झाले. एका ख्रिसमसच्या जेवणात साहेबांनी ते एकशे चाळीसवर आणले. इतक्या भराभर तर साथीच्या रोगातही माणसं जात नाहीत, पण हे बोलायची छाती कुणाची? सगळे जण "सो रेअर, सर!" म्हणत आणि पाठोपाठ रजेचा अर्ज पुढे करत.

धनंजयचं टेबल साहेबांच्या केबिनला लागूनच. तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. म्हणजे कंपनीतला प्रत्येक नकाशा आणि प्रत्येक पत्र नंबर घालून, शिक्का मारून जागच्या जागी ठेवायचं, आणि साहेबाने मागितलं की जादूगारासारखं काढून द्यायचं. नऊ वर्षांत एक कागद हरवला नव्हता. साहेब त्याला 'डीजे' म्हणत. त्याचं आडनाव काय, हे नऊ वर्षांत त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही, कारण ते पावटे होतं. शाळेत त्या आडनावापायी त्याने जे सोसलं होतं ते आठवलं की पस्तिसाव्या वर्षीही त्याचे कान तापत. हजेरी घेताना मास्तरच 'पावटे, भिजलास का?' म्हणायचे, मग पोरं कशाला मागे राहतील? इंग्रजीत नुसतं डी. पी. सही केली की काम भागतं, हा मस्कतचा त्याला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा होता.

तोटा एकच होता, पण तो जिव्हारी लागणारा होता. बायको यशश्री आणि पाच वर्षांची ज्ञानदा रोह्याजवळच्या गावी, आणि हा मस्कतबाहेरच्या माबेल्यात चौघांच्या खोलीत. कुटुंबाला आणायचं तर सरकारने ठरवलेला पगार हवा, आणि तो या कंपनीत सात जन्मांत मिळाला नसता. ज्ञानदा त्याला 'मस्कतचे बाबा' म्हणायची, जसे काही गावात दुसरे कोणी बाबा होते. ती असं म्हणाली की फोन ठेवल्यावर तो बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहायचा.

आणि दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरात सोहारच्या एका कंपनीने त्याला बोलावणं धाडलं. पगार फॅमिली व्हिसाला पुरणारा. मुदत एकतीस जानेवारी. पण ओमानात तेव्हा कायदा असा होता की जुन्या मालकाने 'आमची हरकत नाही' असा कागद दिला नाही, तर दोन वर्षं देशाबाहेर बसायचं. त्या कागदाचं नाव एनओसी. कंपनीचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, डोळे मिटून सही करायचा, पण आधी पीस्कॉडसाहेबांची झाली तरच.

धनंजय अर्ज घेऊन आत गेला. अर्ज देण्याआधी, इतकी वर्षं अंगवळणी पडल्याप्रमाणे, तो म्हणाला, "सर, तुमच्या आडनावाचा इतिहास कोणीतरी नीट फाईल करायला हवा."

साहेबांचे डोळे पाणावले. "डीजे, हे तू करशील? हे झालं की तुझी एनओसी. शब्द देतो."

साहेबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं धनंजयला नवं नव्हतं. यावेळी त्याने शिडी, दोर आणि हेल्मेट सगळं पुरवलं. साहेबांच्या कपाटातले बाप्तिस्म्याचे दाखले, थडग्यांचे फोटो, आत्याबाईंची पत्रं, सगळ्याला नंबर पडले. वंशवृक्ष त्याने कंपनीच्या नकाशांच्या मोठ्या कागदावर छापून घेतला. सतराव्या शतकातल्या एका थॉमस पीस्कॉडवर 'फॉर ॲप्रूव्हल' असा शिक्का होता, कारण त्याला बाप सापडत नव्हता. साहेब रोज तासभर केबिन बंद करून ते बघत. बाहेर पाइपलाइनची टेंडरं खोळंबली होती, आत थॉमसचा बाप शोधणं चाललं होतं.

डिसेंबरच्या शेवटी आठवी सुधारित प्रत बांधून तयार झाली. तिसऱ्या दिवशी धनंजयने एनओसीचा विषय काढला.

"डीजे," साहेब जड आवाजात म्हणाले, "ही फाईल तुझ्याशिवाय कोण सांभाळणार? तुझ्यासारखा माणूस मी सोडूच शकत नाही."

म्हणजे केलं काय, तर तीन महिने राबून आपल्याच पायात आपण बेडी घडवली. कमी चांगलं काम केलं असतं तर एव्हाना सुटलो असतो, हे कळल्यावर धनंजयला स्वतःचाच असा संताप आला की त्या दिवशी तो जेवला नाही.

त्याचा एक दोस्त होता, तौहीद. म्हसळ्याचा, मस्कतपासून तासाभरावरच्या बरक्याला एका ओमानी मालकाच्या शेतावर मुकादम. त्याने गावाहून बी आणून तिथे पावट्याचा एक वाफा केला होता, आणि जानेवारीत शेंगा टच्च भरल्या होत्या.

"भाऊ, साहब को पोपटी खिला," तौहीद म्हणाला. "शेंगेचा माणूस आहे ना तो? मग शेंगच घाल त्याच्या पोटात. खाल्ल्यावर माणूस नाय म्हणत नाय. यल्ला, चल, शुक्रवारी घेऊन ये."

पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, रायगडच्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. अडलं काम, रुसलेला व्याही, पडलेला उमेदवार, थंडीत सगळ्यांवर एकच उपाय. पोपटीला लागणारा भांबुर्डीचा पाला ओमानात कुठून मिळणार? यशश्रीने तो गावच्या एका माणसाच्या बॅगेतून धाडला. विमानतळावर त्या बिचाऱ्याला अर्धा तास उभं करून अधिकाऱ्यांनी पाला हुंगला, एकमेकांना हुंगायला दिला आणि शेवटी हात जोडल्यासारखं करून सोडून दिला.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शेतात मडकं भरलं. तळाला पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात, वर पुन्हा शेंगा, आणि पाल्याचा बोळा तोंडात. मडकं उलटं करून भोवती जाळ केला. साहेब गवती टोपी घालून खुर्चीत बसले होते आणि तौहीदला थॉमसची कथा सांगत होते. तौहीद 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' म्हणत होता. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, आणि मडकं सरळ करून बोळा काढल्यावर जो वास सुटला त्याने साहेब बोलायचे थांबले. धनंजयने त्यांना नऊ वर्षांत पहिल्यांदाच बोलता बोलता थांबलेलं पाहिलं.

साहेबांनी चाळीसएक शेंगा खाल्ल्या. मग बोटं चाटत विचारलं, "ही मटाराची कोणती जात?"

"पावटा, सर. मटाराचा लांबचा भाऊ."

"और सर," तौहीदला राहवलं नाही, "इसका सरनेम भी वोही है! पावटे!"

धनंजयचे कान तापले. पण साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. शेंग हातातच होती. "डीजे! तूसुद्धा? शेंगेचं आडनाव? नऊ वर्षं माझ्या दाराशी बसून तू हे लपवलंस?" आणि मग अगदी हळू, देवळात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती आहात तुम्ही?"

साहेबाला कोणतं उत्तर हवं ते धनंजयला बरोबर कळलं. नऊ वर्षं तो तेच करत आला होता.

"फार नाही, सर. थोडेच."

साहेबांनी त्याला मिठी मारली. टोपी खाली पडली. "मला वाटलंच होतं! आता ते सोहार-बिहार विसर. एनओसीचा विषय खलास. दुर्मीळ माणूस दुर्मीळ माणसाला सोडत नसतो. मी निवृत्त होईपर्यंत तू माझ्याजवळ राहणार. आपण एका रक्ताचे आहोत, डीजे."

साहेबांच्या खांद्यावरून धनंजयला तौहीदचा पडलेला चेहरा दिसत होता. निवृत्तीला साहेबांना अकरा वर्षं होती. तोवर ज्ञानदा सोळा वर्षांची झाली असती. तिला कोण बाबा आणि कुठले बाबा? जे तोंडाला येईल ते तो बोलायला लागला.

"सर, मी खोटं बोललो. बेचाळीस घरं आहेत."

"काय?"

"पावट्यांची. एकट्या आमच्या वाडीत बेचाळीस घरं. घरटी सहा माणसं धरा. अडीचशे झाले. शेजारच्या वाडीतले वेगळे. रोह्याच्या एसटी स्टँडवर 'ओ पावटे' म्हणून हाक मारा, चार माणसं वळून बघतील आणि पाचवा म्हणेल, कोणते पावटे?"

साहेबांनी मिठी सोडली.

"आणि आमच्यात हे काही विशेष नाही, सर. आमच्या बँकेत कांदे आहेत. मला गणित शिकवायला भोपळे होते. तलाठी मुळे. दातांचे डॉक्टर गाजरे. माझी बायको माहेरची हुलगे, म्हणजे घोड्याला घालतात ते धान्य. तिच्याशी लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडचे जेवायला बसले तर उसळीची पंगत म्हणून गाव हसलं. कोणी फाईल केली नाही, सर. कोणी मोजलं नाही."

"पण मूळ?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता. "तुमच्या आडनावाचं मूळ काय?"

"मूळ काय असणार? कोणीतरी पावटे लावले असतील. त्याला बाकीची कामं होती."

साहेबांनी हातातली शेंग पानावर ठेवली. टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले. इंग्रज माणूस असं म्हणतो तेव्हा विषय तिथेच संपलेला असतो, हे नऊ वर्षांत धनंजय शिकला होता. गाडी धूळ उडवत गेली.

"माफ कर, भाऊ," तौहीद म्हणाला. "मीच तोंड उघडलं."

धनंजय मडक्याजवळ बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आपलं आडनाव त्याने मोठ्याने, कुणाला न घाबरता सांगितलं होतं, आणि त्यासाठी लेकीचा व्हिसा जाळात टाकला होता. शनिवार त्याने अंथरुणात काढला. यशश्रीचा फोन आला तर उचलला नाही. काय सांगणार तिला?

रविवारी सकाळी टेबलावर पाकीट होतं. आत कंपनीच्या कागदावर साहेबांची सही, आणि खाली अर्बाबची, शिक्क्यासकट. इतक्या झपाट्याने या कंपनीत चहासुद्धा मिळत नसे. धनंजयने मजकूर दोनदा वाचला. 'सदर कर्मचाऱ्यासारखे कर्मचारी बाजारात मुबलक उपलब्ध असल्यामुळे त्यांच्या जाण्यास कंपनीची कोणतीही हरकत नाही.' आडनाव पूर्ण लिहिलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कपाटातली ती मोठी फाईल गायब होती. बंद दारातून साहेबांचा आवाज येत होता. नव्याने लागलेल्या एका इंजिनियरला ते सांगत होते की जगात आता फक्त नव्वद उरले आहेत.

जिन्यात उतरून धनंजयने फोन लावला.

"काय हो, दोन दिवस कुठे होता?" यशश्री कावली होती. "झालं का काही?"

"झालं. सोडलं त्याने. एकतीसच्या आत मी सोहारला. तुमचे कागद करायला घे."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ नेहमीचा संशय. "लिहून दिलंय ना? काय लिहिलंय?"

"लिहिलंय, आपल्यासारखे बाजारात पुष्कळ मिळतात, म्हणून हरकत नाही."

"मग? खोटं काय लिहिलंय त्यात?" ती म्हणाली, आणि ती हसते आहे की रडते आहे ते त्याला कळेना.

तेवढ्यात ज्ञानदाने फोन ओढून घेतला. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "बाबा, तिकडे पावटे किती आहेत?"

"मी एकटाच आहे गं."

ती बोटं मोजत असावी. "आम्ही आलो की तीन," ती म्हणाली. "तीन पुरे ना, बाबा?"

तिने 'मस्कतचे' म्हटलं नव्हतं. जिन्यावरून माणसं ये-जा करत होती. "तीन पुरे," धनंजय म्हणाला, आणि पाकीट खिशात घालून पुढचा जिना उतरायला लागला.